खैरियतचाचा

चाचा गल्लीतून ओरडत आले की आम्ही पोरं खूश व्हायचो. ते न ओरडता आले की जो तो आपल्या दाराकडे पाहायला लागायचा. त्यांच्या एका चपलेची टाच झिजलेली होती, त्यामुळे चालताना एक पाऊल वाजायचं आणि एक घासायचं. हाकेशिवाय नुसती ती चप्पल ऐकू आली, की खोल्याखोल्यांतली बडबड बंद पडायची. पत्ते हातात तसेच राहायचे. चप्पल आपल्या दारावरून पुढे गेली की जीव भांड्यात पडायचा आणि लगेच त्याची लाजही वाटायची, कारण ती कुणाच्या तरी दाराशी थांबणारच असायची.

त्या काळी मोबाइल आमच्या खिशात आले नव्हते. अमरावतीला आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मागे एक गल्ली होती. तिच्यात खेड्यांवरून आलेली आम्ही पोरं भाड्याच्या खोल्यांत राहायचो आणि गल्लीच्या तोंडाशी चाचांचा एसटीडी बूथ होता. काचेच्या खोक्यात टेलिफोन, बाजूला झेरॉक्सचं यंत्र, वर पिवळा बोर्ड आणि या सगळ्याच्या मधोमध डोक्यावर विणलेली पांढरी टोपी घालून बसलेले चाचा. गल्लीतल्या यच्चयावत पोरांनी नोकरीच्या अर्जावर हाच नंबर दिलेला. एका कंपनीच्या बाईने एकदा चाचांनाच विचारलं होतं म्हणे, की ही सगळी मुलं तुमचीच का? चाचांनी बेधडक सांगितलं, "येस मॅडम. ऑल माय."

कंपनीचा फोन आला की चाचा उठून उभे राहायचे. टोपी सारखी करायचे, गळ्यातला रुमाल नीट करायचे, मगच "हॅलो" म्हणायचे. आम्ही हसायचो. "चाचा, त्याले तिकडून काय दिसते तुमी बसले आहात का उभे?" असं कुणी म्हटलं, की ते म्हणायचे, "त्याले दिसत नाई बे, पण आवाजाले समजते." सगळ्या कंपन्यांना मिळून त्यांनी 'कंपनी सरकार' असं एकच नाव ठेवलं होतं. रिसीव्हर बाजूला ठेवून ते रस्त्यावर येत आणि गल्लीभर हाळी देत, "ए भातकुली! कंपनी सरकारचा फोन! पँट घालून ये रे बाप्पा!"

भातकुली म्हणजे मी. पोरांची नावं चाचांनी कधी लक्षात ठेवली नाहीत. फोन गावावरून येतात तर पोरगाही गावाच्याच नावाने ओळखावा, असा त्यांचा सरळ हिशेब. माझं गाव भातकुलीपासून बरंच आत, पण तेवढ्या बारकाव्यात ते शिरत नसत. रिद्धपूर, दर्यापूर, भातकुली अशी जिल्ह्याच्या नकाशासारखी गल्ली त्यांच्या डोक्यात बसली होती. कुणाच्या गावात फोन कुठल्या दुकानात आहे आणि निरोप घरी पोचवायला किती वेळ लागतो, हे त्यांना तोंडपाठ असायचं.

त्या वर्षांत वऱ्हाडातल्या घरोघरी कसली भीती वस्तीला आली होती, ते तिथल्या माणसाला सांगायला नको. कापूस घरात यायचा आणि घर अधिकच गप्प व्हायचं. दिवाळीला घरी गेलेला पोरगा आधी बापाचा चेहरा पाहायचा आणि मग फवारणीच्या औषधाचा डबा कुठे ठेवलाय ते. याबद्दल आम्ही एकमेकांशी कधी बोललो नाही. पण बूथची घंटी वाजली की सगळ्यांचे कान एकदमच टवकारले जायचे. पुढे हाळी आली की कंपनी. हाळी नाही आली की घर.

रिद्धपूरचा फोन आला तेव्हा मी त्याच्याच खोलीत होतो. दुपारची वेळ, आम्ही ताटं मांडलेली. चप्पल दाराशी थांबली. चाचा आत आले, हातात कापडी पिशवी, पिशवीत बिस्किटांचा पुडा आणि पाण्याची बाटली. "रिद्धपूर, दोन कपडे घे बेटा," ते म्हणाले. "बाबाची तब्येत जरा नरम हाय. सब खैरियत है. मी येतो न संगं." रिद्धपूर त्यांच्याकडे पाहत राहिला. त्याने काही विचारलं नाही आणि चाचांनी काही सांगितलं नाही. बूथचं शटर अर्धं ओढून ते त्याच्यासोबत बसमध्ये बसले. त्याला घराच्या आधी अंगणातली गर्दी दिसली. बाप सकाळीच गेला होता.

त्यानंतर दुसऱ्या कुणाचा, मग तिसऱ्या कुणाचा असे फोन येत राहिले. पिशवी तीच, बिस्किटं तीच आणि शब्दही तेच. मग गल्लीत त्यांचं नाव खैरियतचाचा पडलं, अर्थात त्यांच्या माघारी. एक गोष्ट मात्र खरी, की चाचा खोटं बोलायचे पण त्या खोट्यावर कसम खात नसत. एखादा पोरगा हात धरून "चाचा, कसम खा" म्हणाला, तर ते खाली बसून त्याच्या बॅगेचा बंद बांधायला लागायचे. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं, आणि ज्या दिवशी आठवायला हवं होतं नेमकं त्याच दिवशी विसरलो.

शेवटच्या वर्षाला हिवाळ्यात एक मोठी संगणक कंपनी अकोल्याच्या एका कॉलेजात भरतीला येणार होती. अमरावतीत लेखी परीक्षा झाली, तिच्यात मी पास झालो, आणि चाचांनी ती बातमी गल्लीत अशी काही ओरडून दिली की दोन गल्ल्यांपलीकडचं कुत्रं भुंकायला लागलं. आता अकोल्याला गटात बसून बोलायचं, मग तांत्रिक मुलाखत, मग शेवटची एचआरची. चाचांना हे मुळीच पटलं नव्हतं. "चार चार राउंड? अबे, आमी सोयरीक करतो त एका चहात काम होते. आन् पोरगी त जन्मभर राहाते!" मी हसलो, पण खोलीवर जाऊन पुन्हा उत्तरं घोकायला बसलो. आमच्या घरात कापसाच्या भरवशावर न जगणारा एक तरी माणूस असावा, एवढंच बाबांचं म्हणणं होतं. तो माणूस मी होतो, आणि तशी दुसरी कंपनी त्या वर्षी आमच्याकडे येणार नव्हती.

अकोल्याला जायच्या आदल्या संध्याकाळी मी सगळ्या मार्कशीटांच्या झेरॉक्स काढल्या. चाचांनी पैसे घेतले नाहीत. "पहिल्या पगाराची बर्फी आणजो, पण अर्धा किलोच्या खाली नको," म्हणाले. सकाळी निघताना बूथवर त्यांनी माझा टाय सैल करून पुन्हा बांधला. त्यांना टाय बांधता येत नव्हता हे मला बसमध्ये बसल्यावर कळलं.

अकोल्याच्या त्या कॉलेजात साऱ्या वऱ्हाडातली पोरं लोटली होती. उसने टाय, उसने बूट, आणि जो तो पाठ केलेलं पुटपुटत होता. प्रत्येक राउंड संपला की कंपनीचा एक माणूस यायचा, कुणाशी काही न बोलता भिंतीवर कागद चिकटवायचा आणि निघून जायचा. न ओरडता येणाऱ्या माणसाची धास्ती मला अमरावतीपासूनच होती. कागदावर ज्यांचं नाव नसेल ती पोरं आपली बॅग उचलून, कुणाकडे न पाहता फाटकाबाहेर जायची. दुपारपर्यंत कॉलेजचा मोठा हॉल जवळजवळ रिकामा झाला. माझं नाव दर वेळी कागदावर होतं, आणि दर वेळी मला आनंदापेक्षा भीतीच जास्त वाटत होती.

शेवटची मुलाखत वरच्या मजल्यावर होती. समोर एक मॅडम आणि एक साहेब. मॅडम स्वभावाने चांगल्या होत्या. गाव कुठलं, घरी कोण, असं विचारून त्यांनी मला जरा मोकळं केलं. तांत्रिक मुलाखतीत मी चांगलं केल्याचंही सांगितलं. मग त्यांनी तो ठरलेला प्रश्न विचारला, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता? उत्तर मी पाठ केलेलं होतं. पण पाच वर्षं हा शब्द ऐकल्यावर मला आमचं घरच दिसलं, आणि उत्तर आठवायला म्हणून मी खिडकीबाहेर पाहिलं.

फाटकाच्या आत, कडुलिंबाच्या झाडाखाली चाचा उभे होते. डोक्यावर पांढरी टोपी. हातात ती कापडी पिशवी. ते वर एकेका खिडकीकडे पाहत होते आणि ओरडत नव्हते.

बूथ सोडून चाचा कधी कुठे जात नसत. जात ते एकाच कामासाठी. मी कसा उठलो ते मला आठवत नाही. "मॅडम, मला जावं लागेल," असं मी मराठीतच म्हणालो. त्यांनी काळजीने विचारलं, "काही झालंय का?" मी हो म्हणालो. साहेब म्हणाले, दहा मिनिटं थांबा, संपतच आलंय. पण तोवर मी जिन्यात होतो.

मला पाहून चाचांचाच चेहरा उतरला. "अबे, तू बाहेर कसा? झाला का इंटरव्यू?"

"चाचा, घरून फोन आला न?"

"नाई रे. तुही दहावीची मार्कशीट झेरॉक्सच्या झाकणाखाली राहाली होती. सकाळी पाहाली मीनं. म्हटलं, कंपनी सरकार ओरिजिनल मांगते, पोरगं अडकंन. म्हणून आलो." त्यांनी पिशवीतून मार्कशीट काढली. प्लास्टिकमध्ये घालून, वर पुठ्ठा लावून आणली होती.

मी मार्कशीटकडे पाहिलंसुद्धा नाही. "मंग तुमी ओरडले काहून नाई?"

"त्या वॉचमननं सांगतलं न, परीक्षा चालू हाय, आवाज करायचा नाई. बेटा, तू जाय वापस वर. सब खैरियत है."

बस्स. ते शब्द ऐकले आणि मी तिथेच लिंबाच्या पारावर बसलो. चाचांनाही आपल्या तोंडून काय निघालं ते कळलं असावं. मग ते माझ्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "अल्लाची कसम, तुहा बाप जिता हाय." त्यांनी आयुष्यात त्या बाबतीत पहिल्यांदा कसम खाल्ली आणि ती मला ऐकूच गेली नाही. ते जितकं समजावत होते तितकी माझी खात्री पटत होती, की या वेळचं प्रकरण फार मोठं आहे.

फाटकाबाहेरच्या बूथवरून आम्ही गावात फोन लावला. आमच्या गावचा फोन किराणा दुकानात होता. घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. भरदिवसा गावातलं दुकान बंद कधी असतं, ते मला माहीत होतं. त्या दिवशी भातकुलीचा बाजार होता आणि दुकानदार तिकडे गेला होता, ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. चाचांनी रिसीव्हर ठेवला. वरच्या मजल्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "चाल. तुह्या गावालेच जाऊ. डोळ्यानं पाह्य एकडाव."

त्या प्रवासात मी चाचांशी एक शब्द बोललो नाही. मूर्तिजापूर आलं तेव्हा त्यांनी पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढून माझ्यापुढे धरला. ती बिस्किटं त्यांनी स्वतःच्या भुकेसाठी घेतली होती, पण मला रिद्धपूरच आठवला. मी तोंड फिरवलं. ते पुडा तसाच हातात धरून बसले. खिडकीबाहेर वेचणी झालेल्या कापसाच्या पराट्या मैलोन्मैल काळ्या पडून उभ्या होत्या, आणि मी मनात ठरवत होतो की आईला आधी काय म्हणायचं.

ऊन कलताना आम्ही गावात शिरलो. आमच्या अंगणात गर्दी नव्हती. बाबा एकटेच ओट्यावर बसून कुऱ्हाडीचा दांडा तासत होते. मला पाहून त्यांनी हात थांबवला. "काहून आला बे? आज तुहा इंटरव्यू होता न?"

मी ओट्याशी गेलो आणि लहान पोरासारखा रडायला लागलो. चाचांनीच सगळं सांगितलं. आपण कसे आलो, कसे उभे राहिलो, पोरगा कसा उठून आला. सांगताना त्यांनी हात जोडले होते. बाबांनी ते हात खाली केले आणि आईला चहा ठेवायला सांगितलं. बराच वेळ ते दांड्यावरून नुसता अंगठा फिरवत राहिले. मग मला म्हणाले, "मी गेलो असंच वाटलं तुले?"

"हो बाबा."

"इकडून फोन नाई, निरोप नाई, तरी बी वाटलं?"

मी मान हलवली. बाबा उठले. घरात गेले. कोपऱ्यातला फवारणीचा डबा उचलून ते बाहेर आले आणि आमच्यासमोरून तो शेजाऱ्याच्या गोठ्यात नेऊन ठेवला.  तो डबा पुन्हा आमच्या घरात आला नाही, आणि बाबा आजही सकाळी उठून मला फोन करतात.

नोकरी अर्थातच गेली. दुसऱ्या दिवशी चाचांनी आपल्याच बूथवरून कंपनीला फोन लावला. मी बाजूला होतो. उभे राहिले, टोपी सारखी केली, रुमाल नीट केला. "सर, मिस्टेक माय सर. बॉय नॉट मिस्टेक." पलीकडचा माणूस काहीतरी लांबलचक, सभ्यपणे बोलला. भरतीचं काम संपलं होतं. त्याने फोन ठेवला तरी चाचा रिसीव्हर कानाशी धरून उभेच होते. मला त्यांचा राग आला होता का? आला होता, खोटं कशाला बोलू. पण तो बाबांनी डबा उचलला तेव्हाच जो गेला तो परत आला नाही.

चाचा मात्र बदलले. "आता खोटं नाई बोलणार," त्यांनी जाहीर केलं. "माह्या खोट्यानं पोट्ट्याचा इंटरव्यू खाल्ला." आणि उन्हाळ्याच्या तोंडाला दर्यापूरचा फोन आला तेव्हा त्यांनी त्याला बूथमध्ये बोलावलं, खुर्चीत बसवलं आणि सरळ सांगितलं, "दर्यापूर, तुहे बाबा गेले." चाचा त्याच्यासोबत गेले. परत आल्यावर त्यांनी दोन दिवस बूथ उघडला नाही. तिसऱ्या दिवशी मी गेलो तर यंत्रावर फडकं फिरवत होते. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "खोटंच बरं होतं रे. गाडीत तो माह्याकडं असा पाहात होता... रस्ताभर तरी त्याचा बाप जिता राहाला असता." त्यानंतर त्यांनी पुन्हा पिशवी भरायला सुरुवात केली.

मला पुढच्या वर्षी नागपुरात एका लहान कंपनीत नोकरी लागली, तिथून पुण्याला आलो. पहिल्या पगाराची बर्फी मी किलोभर नेली. चाचांनी ती गल्लीभर वाटली, आणि प्रत्येकाला "हा भातकुली, आपला" एवढीच माझी ओळख करून दिली. पुढे मोबाइल आले, बूथ बंद पडला, काचेच्या खोक्यात त्यांच्या मुलाने रिचार्जचं दुकान टाकलं. चाचा बाहेर खुर्ची टाकून बसायचे. आता मी स्वतःच मुलाखती घेतो. समोरच्याचा फोन वाजला की बरोबरीचे लोक कपाळाला आठ्या घालतात, मी म्हणतो, आधी फोन घ्या. आणि तो पाच वर्षांचा प्रश्न मी आजवर कुणालाही विचारलेला नाही.

मागल्या हिवाळ्यात अशीच एक मुलाखत चालू असताना चाचांच्या मुलाचा फोन आला. तो कधी फोन करत नाही. म्हणाला, "भाई, अब्बाची तब्येत जरा नरम हाय. सब खैरियत है. बस, एकडाव येऊन जा."

समोरची मुलगी उत्तर देता देता थांबली होती. मी तिची क्षमा मागितली, सहकाऱ्याला बोलावलं आणि उठलो. चाचांच्या मुलाला मी फोनवर पुढे काहीच विचारलं नाही, कसम तर नाहीच घातली. विचारलं असतं तर बिचाऱ्याला खाली बसून कसले तरी बंद बांधावे लागले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकोला आलं. स्टँडवर मी बिस्किटांचा पुडा आणि पाण्याची बाटली घेतली. गाडी त्या कॉलेजवरून गेली. फाटक नवं झालंय, लिंब तसाच आहे. मी स्वतःला सांगत होतो, की एकदा मला असंच सांगितलं होतं आणि ते खरं निघालं होतं. माणूस ओट्यावर बसून दांडा तासत होता. मूर्तिजापूरला मी पुडा फोडला. बडनेरा आलं तेव्हाही त्यात थोडी बिस्किटं शिल्लक होती, ती मी हळूहळू खाल्ली. गल्लीच्या तोंडाशी उतरेपर्यंत माझे चाचा जिवंत होते.